पिल्लाचे पट्टे मोठेपणी जातात कुठे?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे दोन्ही फोटो पाहिले. ते साप दोन जातींचे नाहीत, दोन्ही धूळनागिणीच आहेत. पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं ते पिल्लू आणि साधी तपकिरी ती पूर्ण वाढलेली. मोठेपणी पट्टे उरत नाहीत म्हणून तिला लोक धामण नाहीतर नाग ठरवून मोकळे होतात.

कात टाकली की रंग बदलतो, ही तुझी समजूत मात्र सोडून दे. कात म्हणजे वरचा मेलेला थर. रंगपेशी त्याच्याखालच्या जिवंत त्वचेत असतात: काळ्या रंगद्रव्याच्या, पिवळ्या-लाल रंगद्रव्याच्या आणि तिसऱ्या, ज्यांत रंग नसतो, फक्त प्रकाश परतवणारे स्फटिक असतात. या पेशींचं प्रमाण आणि मांडणी बदलली की रंग बदलतो. पट्टे किंवा ठिपके नव्याने उगवत नाहीत. फुग्यावरच्या नक्षीसारखे ते अंगाबरोबर ताणले जातात, आणि मधली जागा गडद झाली की बुजतात.

ग्रीन ट्री पायथन या झाडावर राहणाऱ्या अजगराचं पिल्लू पिवळंधमक किंवा विटकरी असतं, मोठा साप हिरवा. खालच्या स्फटिकांमुळे निळा प्रकाश परततो, तो वरच्या पिवळ्या थरातून गाळून आला की आपल्याला हिरवा दिसतो. म्हणूनच संग्रहालयात अल्कोहोलमध्ये ठेवलेले हिरवे साप निळे पडतात. पिवळं द्रव्य विरघळतं, निळं मागे राहतं. या अजगराचा बदल वयापेक्षा लांबीशी बांधलेला आहे, साधारण 55 सेंटीमीटरशी. तेवढा झाला की तो रानाच्या कडेची, जमिनीलगतची जागा सोडून उंच झाडांच्या पानांत जातो आणि सरडे-किडे सोडून उंदीर-पक्षी धरू लागतो. नवी जागा, नवं भक्ष्य, म्हणून नवा रंग.

धूळनागिणीचं गणित मला वेगळं वाटतं. पट्टे स्थिर बसलेल्या पिल्लाला लपवतात. चपळ मोठ्या सापाला पळायचं असतं, आणि एकरंगी अंगावर नजर ठरत नाही. वेग, दिशा काहीच नीट कळत नाही.

आता कामाचं. विषारी मण्यार आणि तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या यांचा घोळ याच कारणाने होतो. मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे मानेपासून ठळक असू शकतात, मोठीचे पुढच्या भागात पुसट होतात. म्हणून खवले बघ, ते वयाने बदलत नाहीत. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरची रांग मोठ्या षट्कोनी खवल्यांची असते, कवड्याची तशी नसते. शेपटीखालचे खवले मण्यारीत अखंड, कवड्यात दुभागलेले. हे सापाला हात न लावता, कातेवरून तपास.

नोंदी ठेवायच्या असतील तर वयाचा अंदाज लिहू नकोस, लांबी लिही. शेजारी मोजपट्टी ठेवता आली नाही तर अंतर ठेवून फोटो काढ आणि मागाहून त्याच जागी पट्टी ठेवून दुसरा घे. डोळे दुधाळ दिसत असतील तर तो साप कात टाकायच्या बेतात आहे. त्या दिवसांत सगळाच रंग मळका येतो, तो फोटो तुलनेला धरू नकोस. काती मात्र टाकून देऊ नकोस. गडद सापांच्या कातेवर नक्षीची फिकट छाया कधीकधी राहते, उजेडासमोर धरलीस की दिसेल.

पुढचे फोटो आले की कळव.

तुझा,
अविनाश