पहिलीतल्या वाचकांसाठी चार ओळींची जागा ठेवा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांचे पान असते. त्यातली गोष्ट मी नातीला वाचून दाखवतो. ती पहिलीत आहे. परवा म्हणाली, ‘आबा, आज मी वाचणार.’ गोष्टीची सुरुवात होती ‘एका निसर्गरम्य खेड्यात’. ‘एका’ झाले. पुढच्या दोन शब्दांत तीन जोडाक्षरे, त्यातही एक रफार. पोरीने पुरवणी माझ्या मांडीवर ठेवली आणि अंगणात पळाली. खेडे निसर्गरम्य नसते तर गोष्टीचे काही अडले असते का?

मी एसटीत वाहक होतो, मास्तर नव्हे. पण आमच्याकडे वाचनाचा सराव कसा चालतो ते सांगतो, कारण ही मागणी त्यातूनच निघाली आहे.

संध्याकाळी ओसरीवर खुर्च्या एकामागे एक लावायच्या. कंडक्टर नात. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करून त्यांवर मी गावांची नावे ठळक लिहिली आहेत. प्रवासी गाव सांगणार, तिने नेमकी चिठ्ठी शोधून द्यायची. सुरुवातीला कराड, सातारा, मसूर एवढीच गावे होती. मग ओगलेवाडी, तासगाव. मग मुद्दाम फसवी नावे घातली: वडूज आणि वडगाव, पाटण आणि पाटस. एकदा आजीला पाटणऐवजी पाटसचे तिकीट मिळाले. आजी खुर्चीवरून उठेना. ‘पाटसला माझं कोण आहे गं? मला माहेरी जायचंय, गाडी थांबव!’ सगळी बस हसली. तेव्हापासून नात ‘ण’ आणि ‘स’ नीट बघून घेते. मी काहीच शिकवले नव्हते.

विट्याने मात्र घोळ घातला. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि बोलायची नंतर, हे लहान डोळ्यांना विचित्रच वाटते. ती आधी वेलांटीवर बोट ठेवून थांबायची, मग ‘व’ बघायची. आम्ही गप्प बसायचो. सुट्टे शोधणाऱ्या म्हाताऱ्याला घाई केली की त्याची नाणी खाली सांडतात, हे मी नोकरीत शिकलो. अक्षरे शोधणाऱ्या पोराचेही तसेच. आपण तोंडातला शब्द पुरा करून दिला की पुढच्या वेळी ते वाचत नाही, आपल्या तोंडाकडे बघत बसते.

स्टँडवर गेलो की फलाटावरच्या पाट्या वाचतो. बसच्या कपाळावरची हल्लीची सरकती अक्षरे तिला अजून जमत नाहीत; ‘चिप’पर्यंत येते तोवर ‘ळूण’ निघून गेलेले असते. पण तिलाच त्यांच्याशी शर्यत लावायला आवडते, मग लावू देतो.

याउलट आमच्या गल्लीतल्या काही घरांत मोबाइलवर घड्याळ लावून वाचन चालते. केंद्र सरकारच्या २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या शालेय मोहिमेत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे लक्ष्य आहे. पालकांनी त्यातले ६० तेवढे उचलले, ‘अर्थासह’ राहून गेले. तेही तिसरीचे लक्ष्य पहिलीच्या पोराला! तो धाप लागल्यासारखा वाचतो. काय वाचलेस विचारले तर आईकडे बघतो.

सोपे, गमतीचे आणि मोठ्या अक्षरांतले वाचायला मिळाले तर कुणाला घड्याळ लावायची वेळ येणार नाही. पण मिळते कुठे? बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि ते उत्तम आहे, पण ते वाचन सरावलेल्या मुलांचे. चित्रांची पुस्तके तालुक्याच्या दुकानात शोधावी लागतात आणि मिळाली तरी सगळ्यांना परवडत नाहीत. वर्तमानपत्र मात्र चहाच्या टपरीवरही असते.

म्हणून विनंती अशी की, मुलांच्या पानावर दर रविवारी एक छोटी चौकट फक्त पहिलीच्या मुलांसाठी ठेवावी. जोडाक्षरे नकोत, वाक्ये आखूड, अक्षर मथळ्याएवढे. आणि खाली तात्पर्य नको. ते मुले वाचत नाहीत, मोठी माणसेच त्यांना वाचून दाखवतात. नमुना देतो:

आजी बसमधे चढली. आजीची पिशवी हलली. पिशवीतून मांजर बाहेर! आता मांजराचे तिकीट कोण काढणार?

नातीने हे वाचले आणि लगेच ‘मांजराला हाफ तिकीट’ म्हणून चिठ्ठी फाडली. अशा चौकटी लिहिणारे शिक्षक गावोगाव सापडतील. न सापडल्यास मी लिहून पाठवीन, मानधन नको. टाइप तेवढा मोठा ठेवा.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, कराड