सही करून झालीय

प्रिय आई-बाबा,

फोनवर चारदा सांगायला गेलो आणि चारही वेळा विषय आईच्या गुडघ्यावर गेला, म्हणून लिहितोय. बाबा, हे आईला तुम्ही वाचून दाखवा, आणि मधली वाक्यं गाळू नका, तुमची सवय माहितीये मला.

गयानाच्या समुद्रातल्या तेलाच्या कामाची सही झाली. मागच्या महिन्यात "बघू, अजून काही ठरलं नाही" म्हणालो ना, तेव्हाच झाली होती. खोटं बोललो, सॉरी. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, 28 दिवस बोटीवर आणि 28 दिवस सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे तुमच्याकडेच, हे लिहून देतो.

आई, हे आफ्रिकेतलं घाना नाही गं. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या अंगाला आहे, अख्ख्या देशात जेमतेम 8 लाख माणसं. 1838 पासून आपल्याकडची माणसं बोटी भरभरून तिथे उसाच्या मळ्यात राबायला नेली, त्यांचीच पतवंडं आता तिथे आहेत, त्यामुळे डाळ घातलेली पुरीसुद्धा मिळते. बोटीवर खाणं भरपूर, एसी खोली, कपडे धुवून मिळतात, मेडिक चोवीस तास. खरं सांगू, इथल्यापेक्षा वेळेवर जेवेन.

बाबा, आता तुमच्यासाठी. 1974 ला सागर सम्राट रिगला बॉम्बे हायच्या समुद्रात तेल लागलं तेव्हा खाली पाणी होतं साधारण 75 मीटर, तुम्हीच शंभरदा सांगितलंय. तिथे लिझा नावाच्या तेलक्षेत्राच्या पहिल्या विहिरीवर 1,743 मीटर! पाय रोवून प्लॅटफॉर्म उभा करायचा प्रश्नच नाही, विहिरींची तोंडं समुद्राच्या तळावर, तिथलं सगळं काम रोबो करतात, आणि वर किनाऱ्यापासून 190 किलोमीटरवर साखळ्यांनी बांधलेलं जहाज, तेच तेल वेगळं करतं, तेच साठवतं. कित्येक वर्षं कंपन्या तिथल्या समुद्रात कोरड्या विहिरी खणून हात हलवत परत गेल्या होत्या, आणि 2015 च्या मे मध्ये जाहीर झालं की 90 मीटरपेक्षा जाड तेलाची वाळू लागलीय. डिसेंबर 2019 ला तेल सुरूसुद्धा! एवढ्या खोल पाण्यात साडेचार वर्षं म्हणजे काहीच नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आता त्या ब्लॉकमधून, म्हणजे लिझा ज्यात आहे त्या समुद्राच्या तुकड्यातून, गॅस धरून 11 अब्ज बॅरलच्या वर निघेल असा अंदाज आहे. पहिल्या जहाजाची क्षमता दिवसाला 1.2 लाख बॅरल होती, 2025 ला आलेल्या चौथ्याची 2.5 लाख. असं फील्ड उभं राहताना बघायला माझ्या वयात परत मिळणार नाही. पगाराचं मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला वाटेल पैशासाठीच चाललाय. थोडं पैशासाठीही आहे.

माझं काम नळ्यांचं. तळाशी पाणी 4 डिग्री, त्यातून गरम तेल वर आणायचं, मध्येच गार झालं तर आतून मेण धरतं आणि गॅस-पाण्याचे बर्फासारखे गोळे होऊन नळी तुंबते. आई, थंडीत डब्यात तूप थिजतं ना, तसं. ते थिजू द्यायचं नाही, बस.

2010 ला मेक्सिकोच्या आखातात तेलाच्या रिगचा स्फोट झाला ते बाबांना आठवणारच. तो ड्रिलिंगचा, म्हणजे विहीर खणणारा रिग होता, मी प्रॉडक्शनच्या जहाजावर असेन. धोका नाहीच असं म्हणत नाही, बाबांना पटणारही नाही. आणि व्हेनेझुएला त्या देशाच्या मोठ्या तुकड्यावर हक्क सांगतोय, टीव्हीवर ते आलं की लगेच मला फोन करू नका. हेलिकॉप्टरचं ट्रेनिंग पास झालो, पाण्यात उलटं करतात, एका हाताने खिडकी धरून ठेवायची आणि मगच पट्टा सोडायचा. पहिल्यांदा नाकात पाणी गेलं, तेवढंच.

तुम्ही चौदा दिवसांनी समुद्रावरच्या कामावरून यायचात ना बाबा, तेव्हा मी तुमच्या बॅगेत तोंड खुपसून बसायचो, डिझेल आणि साबणाचा वास. आई ओरडायची, कपडे धुवायला टाक आधी. तुम्ही म्हणाला होतात, माझ्यासारखं करू नकोस. ते विसरलो नाहीये. तरी केलं.

आता ऐका. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी पहिल्या सुट्टीत आलो की, तारीख घेऊन ठेवलीय, "नंतर बघू" चालणार नाही. बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, आणि स्टुलावर चढायचं नाही, दोघांनीही. बोटीवर वायफाय आहे, माझी शिफ्ट संपली की व्हिडिओ कॉल करेन, घड्याळाचा घोळ होईल तेवढा सांभाळा.

बाबा, ती निळी बॅग माळ्यावर आहे ना अजून? कुणाकडून तरी काढून घ्या, तुम्ही चढू नका, आणि चेन बसवून आणा. हेलिकॉप्टरमध्ये मऊ बॅगच चालते.

तुमचा,
बाळू