काकू, आधी वाळवण दाखवलंत त्याबद्दल आभार

आदरणीय काकू आणि काका,

सप्रेम नमस्कार.

सायप्रसमधल्या ट्रूडोस डोंगराच्या दक्षिण उतारावर कुमांदारिया ही गोड वाइन करणारी जी 14 गावं आहेत, त्यातल्या तुमच्या गावी येणाऱ्या पाहुण्याला तुम्ही आधी ग्लास देत नाही, द्राक्षांच्या वाळवणापाशी नेता. हा क्रम तुम्ही ठरवलात म्हणून तिथली वाइन नीट समजली, आणि म्हणून हे पत्र जाहीर लिहीत आहोत. सायप्रसला जाणाऱ्या मराठी माणसांना निदान एवढं कळावं, की तिथल्या घरगुती वाइनरीत काय बघायचं, काय विचारायचं आणि यजमानाच्या कामात अडथळा न आणता कसं वागायचं.

पहिले आभार वेलींबद्दलचे. मांडव नाही, तारा नाहीत, ठिबकच्या नळ्या नाहीत. दगडी बांधांच्या अरुंद पट्ट्यांवर गुडघ्याएवढं खोड, त्यातून वाटीसारखे फुटलेले फाटे आणि त्यांवर आखूड छाटलेल्या काड्या. कुमांदारियासाठीच्या वेली अशाच ठेवायच्या आणि त्यांना पाणी द्यायचं नाही, असा नियम आहे. नियमामागचं कारण तुम्ही जागेवर दाखवलंत. मोकळ्या वेलीची पानं घडांवर सावली धरतात, उन्हाळ्यात जमिनीतली ओल अगदी बेतानं वापरली जाते, मणी लहान राहतो आणि साखर लवकर चढते. पाणी दिलं तर वजन वाढेल, पण वाळवणात तेच पाणी पुन्हा उडवावं लागेल आणि फुगलेला मणी फुटण्याचा धोका वेगळाच.

द्राक्षाचं काम करणाऱ्याला तिथं सगळ्यांत जास्त थबकायला लावते ती गोष्ट म्हणजे कलम नसलेली बाग. सायप्रसमध्ये फिलॉक्झेरा हा वेलीची मुळं पोखरणारा कीटक पोहोचलेला नाही, त्यामुळे वेल स्वतःच्याच मुळांवर उभी आहे, खाली त्याला तोंड देणारा अमेरिकन वेलीचा खुंट नाही. काका बागेच्या तोंडाशी बुटांना लागलेली माती झटकायला सांगतात ते यासाठी. ही सूचना प्रत्येक पाहुण्यानं मनापासून पाळावी. दुसऱ्या देशातल्या द्राक्षबागेत वापरलेले बूट घासून, धुऊन, पूर्ण वाळवून न्यावेत आणि काडी, मूळ किंवा मातीचा गोळा बेटावर नेण्याचा विचारही करू नये. हा कीटक एकदा जमिनीत शिरला की त्याला बाहेर काढणारं औषध नाही. खुंटावर कलम करून पुन्हा लागवड करणं एवढाच मार्ग उरतो, आणि मग त्या जुन्या वेली गेल्याच.

वाळवणाबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते सविस्तर लिहितो, कारण सगळी वाइन तिथंच ठरते.

क्सिनिस्तेरी हे पांढरं द्राक्ष आणि माव्रो हे काळं. कुमांदारियात ही दोनच चालतात, आणि काही घरं फक्त क्सिनिस्तेरीचीच वाइन करतात. तोडणीला क्सिनिस्तेरीच्या रसात लिटरला किमान 212 ग्रॅम साखर हवी आणि माव्रोच्या रसात 258 ग्रॅम. त्यानंतर घड उन्हात पसरायचे, साधारण 7 ते 15 दिवस, रसातली साखर 390 ते 450 ग्रॅमपर्यंत जाईतो. हिशेब मांडला की यातली किंमत कळते. 240 ग्रॅमचा रस 420 ग्रॅमवर न्यायचा तर 100 लिटरचे जेमतेम 57 लिटर उरतात, तेही कागदावर. सुकलेला मणी प्रेसमध्ये सगळा रस सोडत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हाती याहून कमी लागतं. बाटलीची किंमत जास्त वाटणाऱ्यानं हा आकडा आधी बघावा.

घड एकाच थरात पसरायचे, एकावर एक नाही. खालचा घड दमट राहिला की बुरशी धरते. मधूनमधून घड उलटायचे, पण हलक्या हातानं, कारण मणी देठापासून सुटला की त्या जागेतून रस पाझरतो. तिथं चिलटं बसतात, त्यांच्या अंगावरून आम्ल तयार करणारे जिवाणू येतात आणि पिंपात जाण्याआधीच व्हिनेगरचा वास सुरू होतो. माव्रोचा मणी मोठा आणि रसाळ, म्हणून त्याला हा धोका जास्त. रात्री दव पडण्याच्या आत वाळवण झाकायचं, सकाळी ऊन आल्याबरोबर उघडायचं. झाकण उशिरा काढलं तर आतल्या आत वाफ धरते, आणि ती दवापेक्षाही वाईट.

सप्टेंबरातल्या अवकाळी सरीबद्दल तुम्ही काहीही लपवलं नाहीत, त्याचे विशेष आभार. भिजलेलं वाळवण पुन्हा उन्हात टाकून भागत नाही. एक एक घड हातात घेऊन काळी बुरशी धरलेले मणी कात्रीनं काढावे लागतात. सुकणाऱ्या द्राक्षावरची अ‍ॅस्परजिलस बुरशी नुसती चव बिघडवून थांबत नाही, ती ऑक्राटॉक्सिन नावाचं विष तयार करते, आणि ते आंबवण झाल्यावरही वाइनमध्ये राहू शकतं. शंका आली तर घड फेकायचा, असं तुम्ही ठामपणे सांगितलंत. छोट्या घराला प्रत्येक टोपली मोजून असते, त्या घरातून हे ऐकायला मिळणं मोठं आहे.

कधी थांबायचं, हेही तिथंच शिकावं. एकच मणी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली साखर मोजणाऱ्या उपकरणावर पिळून आकडा धरला तर फसगत होते, कारण घडाच्या टोकाचा मणी मनुका झालेला असतो आणि आतला अजून ओला. वाळवणाच्या सगळ्या कोपऱ्यांतून शंभरेक मणी गोळा करायचे, एकत्र चिरडायचे, गाळायचे आणि मग मोजायचं. वेळेआधी उचललं तर वाइन पातळ लागते. उशीर झाला तर फळाचा वास जाऊन नुसती मनुका आणि जळक्या साखरेची चव उरते, शिवाय प्रेसमधून रस निघता निघत नाही.

आंबवणाबद्दलचा एक गैरसमज आम्ही अनेक ठिकाणी ऐकला आहे, की ही वाइन गोड असते म्हणजे वरून काहीतरी घातलेलं असणार. काका, तुमच्या टाकीपाशी उभं राहून तो सहज दूर होतो. साधारण 17 ग्रॅम साखरेतून लिटरमागे 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. 15 टक्क्यांच्या आसपास यीस्ट थकतं आणि थांबतं, म्हणजे 255 ग्रॅम साखर खर्ची पडली. सुरुवातीला 420 ग्रॅम होती, तर 165 ग्रॅम शिल्लक. तोच गोडवा. आंबवण संपल्यावर द्राक्षाचं अल्कोहोल घालून 20 टक्क्यांपर्यंत नेण्याची परवानगी आहे, पण सक्ती नाही. म्हणून प्रत्येक घरी हे विचारावं, आणि लेबलवरचा टक्का वाचावा. 15च्या जवळ असेल तर काही घातलेलं नसूही शकतं, पण नुसत्या आकड्यावरून ते ठरत नाही.

एवढ्या दाट रसात यीस्टला सुरुवातच करवत नाही, कारण बाहेरची साखर पेशीतलं पाणी ओढून घेते. त्या ताणात यीस्ट ग्लिसरॉल जास्त करतं आणि त्यासोबत अ‍ॅसिटिक आम्लही. पहिलं वाइनला अंग देतं, दुसरं प्रमाणाबाहेर गेलं की नाकात टोचतं. त्यावरचा तुमचा उपाय साधा आहे: विरजण आधी थोड्या पातळ रसात जागं करायचं, मग दाट रस टप्प्याटप्प्यानं मिसळायचा आणि टाकी ना फार थंड, ना फार गरम ठेवायची. घाई केली तर आंबवण मध्येच अडकतं, आणि अडकलेली गोड वाइन पुन्हा चालू करणं हे या धंद्यातलं सगळ्यांत कंटाळवाणं काम.

तळघरातल्या मातीच्या मोठ्या पिथारी बघून बरेच पाहुणे फोटो काढून पुढे जातात. त्यांनी आत वाकून बघावं. मातीची भिंत सच्छिद्र असते, म्हणून आतून राळेचा लेप दिलेला असतो. लेपाला तडा गेला तर वाइन पाझरते आणि हवा आत शिरते. आज जपणूक मुख्यतः ओकच्या पिंपांत होते. तिथं वर्षागणिक थोडी वाइन लाकडातून उडून जाते, उरलेली दाटत जाते, आणि हळूहळू शिरणाऱ्या हवेनं तिला अक्रोड, कॉफी, सुकं अंजीर आणि कॅरोबच्या शेंगेचा वास येतो. जुनी पिथारी कधी पूर्ण रिकामी न करता तिच्यातून थोडी काढायची आणि तेवढीच नवी भरायची, ती माना पद्धतही तुम्ही समजावलीत. तिच्यातलं जुनं नेमकं किती वर्षांचं हे कुणी सांगू शकत नाही, हे तुम्ही सरळ सांगितलंत. त्यामुळे बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसला.

इतिहास तुम्ही दोन वाक्यांत आटोपलात, तेच योग्य. 1191 मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड यानं बेट जिंकलं, लिमासोल शहरात लग्न केलं आणि पुढे बेट टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाला विकलं. नंतर कोलोसी गावी बसलेल्या हॉस्पिटलर या दुसऱ्या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या जहागिरीवरून, म्हणजे ‘कमांदरी’वरून, वाइनला तिचं नाव मिळालं. कोलोसीचा आजचा चौकोनी बुरूज 1454चा आहे, लिमासोलच्या पश्चिमेला अगदी जवळ. वर जाण्याआधी सकाळी तो बघून घ्यावा.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. लिमासोलहून ट्रूडोसकडे चढणारा बी8 रस्ता धरला की लानिया, डोरोस, सिलिकू, मोनाग्री ही गावं त्याच्या आसपासच आहेत. गाडी डावीकडून चालते, पण गावातल्या गल्ल्या फार अरुंद, म्हणून गाडी वेशीजवळ लावून चालत जावं. घरगुती वाइनरीत स्वतंत्र स्वागतकक्ष नसतो. दार उघडणारा माणूसच प्रेसवरचा असतो. आदल्या दिवशी तरी फोन करावा. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत काम सगळ्यांत बघण्यासारखं असतं आणि यजमानाला वेळही सगळ्यांत कमी असतो, तेव्हा मिळेल तेवढ्या वेळात समाधान मानावं. वाळवणावरचा मणी न विचारता उचलून तोंडात टाकू नये. आंबवण चालू असलेल्या खोलीत यजमान सांगेल तेव्हाच शिरावं. टाकीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो, तो दिसत नाही आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. लहान मुलांना तर तिथं नेऊच नये.

चाखण्याचा तुमचा क्रम सगळ्यांनी पाळावा असा आहे. आधी कोरडी, म्हणजे गोड नसलेली क्सिनिस्तेरी, थंड आणि शक्यतो ताजी, कारण तिला हवा लवकर लागते आणि जुनी झाली की ती मलूल होते. मग मराथेफ्तिको. या काळ्या जातीची फुलं केवळ मादी म्हणून काम करतात, तेव्हा बागेत मध्ये मध्ये दुसरी जात लावावी लागते. तरीही फुलोऱ्याच्या वेळी वारा-पाऊस झाला की घडात अर्धे मणी बसतच नाहीत. म्हणून तिची बाटली कमी मिळते. नंतर कुमांदारिया, छोट्या ग्लासात, किंचित थंड. झिवानिया शेवटी, कारण चोथ्यापासून गाळलेल्या या 45 टक्क्यांच्या दारूनंतर जिभेला बारीक चव कळत नाही. गाडी चालवणाऱ्यानं ती घेऊच नये. सायप्रसमध्ये मर्यादा रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम आहे, नव्या चालकांसाठी त्याहून कमी, आणि खाली उतरणारा रस्ता वळणांचा आहे. वाइन थुंकण्यासाठी भांडं मागितलं तर काकूंना वाईट वाटत नाही. भरलेला ग्लास तसाच टाकून गेलेलं मात्र वाटतं.

चाखायचे पैसे घेतले नाहीत तर निदान एक बाटली विकत घ्यावी. युरोची सुटी रोकड जवळ असू द्यावी. विमानात बाटली हातातल्या सामानात चालत नाही, म्हणून कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवावी. घरी उघडल्यावर उभी करून, बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर साखर आणि अल्कोहोल मिळून तिला काही आठवडे सहज सांभाळतात. कोरड्या क्सिनिस्तेरीचं तसं नाही, ती दोन दिवसांत संपवावी.

काकू, वाळवण झाकायची वेळ झाली होती तरी यीस्टच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही पूर्ण दिलंत, आणि काकांनी वहीतली तोडणीच्या साखरेची पानं उघडून समोर ठेवली. कामाच्या दिवसांत एवढा वेळ देणं म्हणजे काय, हे द्राक्षात काम करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तुम्हा दोघांचे, आणि टोपल्या वाहणाऱ्या घरातल्या सगळ्यांचे मनःपूर्वक आभार.

आपले नम्र,
द्राक्ष आणि वाइनच्या कामातली काही मराठी मंडळी