दर ग्रॅमच्या आकड्याला भुलू नका

संपादक महोदय,

नायट्रोजन मिसळलेल्या ग्राफीनमुळे मोबाइलची बॅटरी इतिहासजमा होणार, अशा अर्थाची बातमी आपल्या अंकात वाचली. ग्राफीनच्या पातळ थरात दर ग्रॅमला किती वीज साठते, याच्या आकड्यावर ती बेतलेली होती. संशोधन खरे आहे, मथळा फसला आहे. असे पातळ थर बनवणे हे माझे रोजचे काम असल्याने राहवले नाही.

आधी ‘मिसळलेल्या’विषयी. या मिसळण्याला डोपिंग म्हणतात, आणि डोपिंग म्हणजे भेसळ नव्हे. ग्राफीन ही कार्बन अणूंची एकपदरी जाळी; तिच्यातला एखादा कार्बन जाऊन त्या जागी नायट्रोजन बसतो. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन, नायट्रोजनच्या पाच; म्हणजे जाळीला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळतो. शुद्ध ग्राफीन वीज झटकन वाहून नेते, पण विद्युत प्रभार साठवताना हात आखडता घेते, कारण इलेक्ट्रॉनांना सामावायला त्यात जागाच थोड्या. ही अडचण नायट्रोजनमुळे काहीशी सुटते. (अर्थात डोपिंगचेही फार कौतुक नको. २०२० मध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी चक्क पक्ष्यांची विष्ठा वापरून ग्राफीन डोप केले, तर उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, म्हणून तेही सुधारले!)

गोम आहे ती ‘दर ग्रॅम’ या शब्दांत. १ चौरस सेंटिमीटरवर १ मायक्रोमीटर जाडीचा थर दिला, तर त्यात ग्राफीन भरते जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. दर ग्रॅमला २०० फॅरड (फॅरड हे धारकतेचे, म्हणजे प्रभार साठवण्याच्या क्षमतेचे एकक) धरले तरी पदरात पडतात ०.०२ फॅरड. १ व्होल्टला ऊर्जा झाली ०.०१ ज्यूल, दोन इलेक्ट्रोड जोडून उपकरण केले की त्याहूनही कमी. मोबाइलच्या बॅटरीत असतात सुमारे ५०,००० ज्यूल. थर जाड करावा, तर पदर एकमेकांना चिकटून बसतात आणि आयनांना, म्हणजे प्रभार वाहणाऱ्या कणांना, आत शिरायला वाट उरत नाही. पातळ थरांबाबत दर ग्रॅमचे आकडे दिशाभूल करतात, हे पदार्थशास्त्रज्ञ युरी गोगोत्सी आणि पात्रिस सिमाँ यांनी २०११ मध्येच बजावले होते.

मग हे सगळे फुकट का? मुळीच नाही. त्वचेवर चिकटवायच्या पट्टीतल्या संवेदकाला एवढीशी ऊर्जाही पुरते: तापमान मोजायचे, संदेश धाडायचा, पुन्हा झोपी जायचे. बनवायलाही सोपे. पॉलिइमाइड या पिवळ्या प्लास्टिकच्या फितीवर लेसर फिरवला की काळीभोर, मखमली रेघ उमटते. तेच सच्छिद्र ग्राफीन. अमेरिकेच्या राइस विद्यापीठातील जेम्स टूर यांच्या गटाने २०१४ मध्ये ही युक्ती मांडली. मी पहिल्यांदा करून पाहिली तेव्हा कौतुकाने त्या रेघेवरून बोट फिरवले आणि निम्मे ग्राफीन काजळीसारखे बोटाला आले. फीत वाकवली की नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

तेव्हा अशा पुढच्या बातमीत दर चौरस सेंटिमीटरला धारकता किती, थर किती जाड आणि किती वेळा वाकवल्यावर ती मोजली, एवढे तीन आकडे कृपया छापावेत.

– एक वाचक