रविवारच्या शाळेची जुनी रजिस्टरं वाचवायचीत, दोन तास द्याल का?

नमस्कार मंडळी, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट, चीडल, हेझल ग्रोव्ह, मार्पल आणि आजूबाजूला राहणाऱ्या सगळ्या मराठी लोकांसाठी हे लिहितोय. इथल्या लोकल हिस्टरी ग्रुपमध्ये मी काही वर्षं काम करतोय, कमिटीत मराठी मी एकटाच, त्यामुळे "तुमच्या लोकांना तूच विचार" म्हणून हे माझ्या गळ्यात पडलंय. थोडे पैसे हवेत, आणि त्याहून जास्त माणसं हवीत. कशाला ते सांगतो, जरा लांबेल.

आमच्याकडे या भागातल्या जुन्या छोट्या शाळांचे आणि सन्डे स्कूलचे कागद जमलेत. हजेरीपटं, दाखल्यांची रजिस्टरं, हेडमास्तरांनी लिहिलेली लॉगबुकं म्हणजे शाळेच्या रोजनिश्या, बक्षिसाची कार्डं. काही एका चर्चच्या कपाटात सापडले, काही कुणाच्या माळ्यावर. कातडी बांधणीची लॉगबुकं तर अशी झालीत की हातात घेतली की लाल भुकटी निघते, कुंकवासारखी, शर्टाला लागली की जात नाही.

आता सन्डे स्कूल म्हटलं की आपल्याला वाटतं येशूच्या गोष्टी आणि गाणी. इथे प्रकरण वेगळं होतं. ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स नावाच्या, वर्तमानपत्र काढणाऱ्या माणसाने १७८० मध्ये गरिबांच्या पोरांसाठी रविवारची शाळा काढली आणि चारच वर्षांत, १७८४ ला, ती कल्पना स्टॉकपोर्टात पोचली. का, तर पोरं सोमवार ते शनिवार सुताच्या गिरणीत, सुट्टीचा वार एकच, मग शाळाही त्याच वारी. १८०५ मध्ये एवढी मोठी इमारत बांधली की जगातली सगळ्यात मोठी सन्डे स्कूल म्हणून मिरवायचे, आणि ती कुठल्या एकाच पंथाची नव्हती, सगळ्यांची पोरं यायची, हजारोंनी. शेजारी मॅकल्सफील्डला जॉन व्हिटेकरने १७९६ मध्ये तशीच शाळा काढली, तिथे रेशमाच्या गिरण्या. त्यांची १८१४ ची चार मजली इमारत अजून उभी आहे. आमची १९७० च्या सुमारास पाडली. गेलीच ती. म्हणून निदान कागद तरी.

यातलं मला सगळ्यात आवडणारं भांडण म्हणजे अक्षराचं. रविवारी पोरांना वाचायला शिकवलं तर चालेल, कारण बायबल वाचता आलं पाहिजे, पण लिहायला शिकवणं म्हणजे काम, आणि देवाच्या दिवशी काम करायचं नाही, असं बऱ्याच चर्चवाल्यांचं म्हणणं. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा मोठा पुढारी जेबेझ बंटिंग तर याच्या कट्टर विरोधात होता. स्टॉकपोर्टवाल्यांनी मात्र रविवारी लिहायला शिकवणं चालू ठेवलं. सहा दिवस पोरं गिरणीत राबतात ते देवाला चालतं आणि सातव्या दिवशी स्वतःचं नाव लिहिलं तर पाप, वा रे वा. म्हणून रजिस्टरात एखादी वेडीवाकडी सही दिसली की मी तिथेच थांबतो.

आणि हो, धूळपाटी! आजी-आजोबा धुळीत अक्षरं गिरवायचे हे आपण ऐकलेलं असतं. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवायचा, त्याने तिथल्या गावठी शाळेत पोरांना वाळूत बोटाने लिहिताना पाहिलं, आपल्या शाळेत तेच सुरू केलं, मोठ्या पोरांनी लहानांना शिकवायची पद्धतही बसवली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. पुढे १८११ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांसाठी नॅशनल सोसायटी निघाली ती याच पद्धतीवर. म्हणजे इंग्लंडातल्या गरिबांच्या पोरांनी वाळूच्या ट्रेमध्ये पहिला ए काढला तो आपल्याकडची आयडिया उचलून.

लॉगबुकं १८६२ नंतरची. त्या वर्षी सरकारने नियम काढला की शाळेला पैसे निकालावर मिळणार, हजेरीचे ४ शिलिंग आणि वाचन, लेखन, गणित यात पास झालं तर प्रत्येकी २ शिलिंग ८ पेन्स, आणि हेडमास्तरने रोजनिशी ठेवायचीच. त्यामुळे मास्तर हजेरीवरून हैराण असतात. गोवर, बर्फ, जत्रा, आणि "हाफ टायमर" म्हणजे अर्धा दिवस गिरणीत अन् अर्धा दिवस शाळेत असलेली पोरं, जी दुपारी बाकावरच झोपायची. ही भानगड १८४४ च्या कायद्यापासून चालू झाली आणि पूर्ण बंद व्हायला १९२१ उजाडलं. मधे १८६१ ते ६५ अमेरिकेतलं यादवी युद्ध, तिथून येणारा कापूस बंद, गिरण्या बंद, इथे उपासमार. तेव्हा आपला कापूस मुंबईहून इकडे यायचा, इथले कामगार त्याला "सुरत" म्हणून शिव्या घालायचे, धागा तुटायचा म्हणून. तिकडे त्याच कापसावर मुंबईत शेअर बाजार पेटलेला.

आता कामाचं. एक रेशमी बॅनर आहे, व्हिट वॉकच्या मिरवणुकीतलं, ज्या दिवशी सन्डे स्कूलची पोरं नवे कपडे घालून बँडमागून चालायची आणि शेजारीपाजारी नव्या कपड्याच्या खिशात पेनी टाकायचे. ते घडी घालून ठेवलेलं होतं, कित्येक वर्षं एकच घडी, त्यामुळे बरोब्बर घडीवर चिरलंय. पैठणीची घडी मधून मधून मोडायची असते हे आपल्या आयांना ठाऊक असतं, इथे ते कुणाला सुचलंच नाही. आता ते मोठ्या नळीवर गुंडाळून ठेवायचंय. नळी, ॲसिड-फ्री टिश्यू, लॉगबुकांसाठी खोके, यालाच पैसे हवेत. पाच पाउंड दिलेत तरी चालेल. इथे टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भरा, एका पाउंडामागे २५ पेन्स सरकारकडून मिळतात, तुमच्या खिशातून काही जात नाही. फॉर्म आणि पैशाची सोय माझ्याकडे आहे, मेसेज टाका.

माणसं हवीत ती वाचायला. स्कॅन झालेली पानं बघून टाइप करायची, घरी बसून जमतं. अक्षर तिरकं, शाई तपकिरी झालेली, इथल्या तरुण पोरांना ते वाचताच येत नाही. आपल्यात मात्र तसल्या वळणाचं अक्षर काढणारे रिटायर्ड काका-काकू आहेत, आणि कुणाला मोडी येत असेल तर हे म्हणजे किस झाड की पत्ती. एक अट आहे, अलीकडच्या शंभर वर्षांतली मुलांची नावं बाहेर कुठेही टाकायची नाहीत, फोटो काढून ग्रुपवर तर अजिबात नाही.

तुमच्यापैकी कुणी इथेच लहानाचं मोठं झालं असेल, साठ-सत्तरच्या दशकात शाळेत गेलं असेल, तर शाळेचे फोटो, प्रगतिपुस्तक, आठवणी, काहीही द्या. मूळ प्रत आम्ही ठेवणार नाही, स्कॅन करून तिथल्या तिथे परत.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दोन ते चार बसतो, हॉलचा पत्ता मेसेजवर देतो. मराठी शाळेच्या वेळेशी आपटतं हे माहीत आहे, पण पोरांना सोडून पालक दोन तास कॉफीच पीत बसतात ना? हात स्वच्छ धुवून या, क्रीम लावू नका. येताना पेन्सिल आणा, पेन आत न्यायला बंदी आहे, मलासुद्धा.