विषय: मोखाड्याच्या घरची सोलर हायब्रिड यंत्रणा आणि 'लाईट आली की चार्ज होईल'

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग, मुंबई

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला. हा सहावा. तुमची होल्डवरची धून आता आमची धाकटीसुद्धा गुणगुणते.

३ किलोवॅटची पॅनेलं, १२ व्होल्ट १५० एएचच्या ४ ट्युब्युलर बॅटऱ्या, जोडीला डिझेल जनरेटर. जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या दोन वायरी तुमच्या माणसानं काळ्या टेपात गुंडाळून भिंतीवर लोंबत ठेवल्या आहेत. 'पुढच्या व्हिजिटला जोडतो' म्हणाला होता.

आजचा संवाद जसाच्या तसा देतो.

"सर, लाईट आली की बॅटरी फुल चार्ज होईल."
"कुठली लाईट?"
"खांबावरची, सर."
"अहो, आमच्या पाड्यावर खांबच नाही. म्हणून तर तुमचं सोलर घेतलं!"

थोडी शांतता. कीबोर्डची टकटक. मग साहेब म्हणाले, "ओके सर, 'ग्रिड सप्लाय नाही' असं नोंदवतो. तो तुमच्या वीज कंपनीचा विषय आहे." आणि तक्रार बंद! वर मेसेज: आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे. अभिनंदन.

चारही बॅटऱ्यांची मिळून बँक ७.२ युनिटांची; त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर बॅटऱ्या खराब होतात, म्हणजे ३.६. हे मी तुम्हाला शिकवायचं? घरचा रोजचा वापर ५ युनिट, आणि २१ जुलैला इन्व्हर्टरच्या पडद्यावर दिवसभराची कमाई होती २.१. तुमच्या इंजिनिअरनं वर्षाची सरासरी धरून हिशेब मांडला. मोखाड्यातला जुलै सरासरीत कसा बसणार? अशा दिवसांसाठीच जनरेटर असतो, आणि त्याच्या वायरी, पुन्हा सांगतो, टेपात आहेत. सकाळी बॅटऱ्यांची बँक उतरून ४५ व्होल्टवर, फ्रिज बंद. वडिलांचं इन्सुलिन आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलं.

आता म्हणे बॅटऱ्या खोल डिस्चार्ज झाल्या, वॉरंटी नाही. केल्या कोणी?

तुमचं नाव पाहून चार पैसे जास्त मोजले होते, ही माझीच चूक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक आयोगात राहत्या ठिकाणी तक्रार करता येते. मी मुलुंडला राहतो, मोखाड्याला नाही, हे लक्षात असू द्या.

सोमवारपर्यंत त्या दोन वायरी जोडायला माणूस पाठवा. येताना टॉर्च आणायला सांगा.

एक ग्राहक, मुलुंड