पोकळ झाडाला सरपण म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या निधनवार्तेत आमच्या गावच्या वयोवृद्ध सुताराबद्दल चार ओळी आल्या. वय, मागचा परिवार, अंत्यविधीची वेळ. त्यात चूक काहीच नव्हती. पण हत्यारं खाली ठेवल्यावर या माणसानं जे काम केलं, ते आमच्या पट्ट्यात दुसऱ्या कुणी केल्याचं मला ठाऊक नाही. त्याची कुठंतरी नोंद व्हावी आणि त्यातून निघणारी एक मागणी संबंधितांच्या कानावर जावी, म्हणून हे पत्र.

आमचं गाव अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. वर गाविलगडाचे डोंगर, खाली काळी जमीन, कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा. परतवाड्याचा सागवानाचा बाजार जवळच, त्यामुळे या भागात सुतारकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. साऱ्या गावाचे ते मिस्त्रीबाबा. बंड्या, रेंग्या, वखर, डवरे, तिफणी, शिवाय अर्ध्या गावाची दारं-चौकटी त्यांच्या हातची. चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचे, आख धावड्याचा, यात ते कधी तडजोड करत नसत. धाव बसवायची असली की गोवऱ्यांच्या आरात लोखंडी कडं लाल करायचं, चिमट्यांनी उचलून चाकावर ठेवायचं आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळत आलं की आरे तुंब्यात घट्ट बसत. आम्ही पोरं डोळे चोळत तो धूर खात उभी असायचो.

पुढं रबरी टायरची लोखंडी बंडी आली, ट्रॅक्टर आला, पेरणीयंत्र आलं. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या बायाही दिसेनाशा झाल्या. काम आटलं, त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. एके दिवशी त्यांनी वाकस, पटाशी, रंधे तेल लावून पेटीत ठेवले आणि रानाची वाट धरली. रानात ते आधीही जायचे, पण लाकूड बघायला. आता जाऊ लागले ते झाडं बघायला.

उभ्या झाडाचं आतलं लाकूड कसं आहे हे ओळखायची त्यांची रीत मी अनेकदा पाहिली. वाकस उलटा धरून खोडावर ठोका मारायचा आणि लगेच सालीला कान लावायचा. भरीव झाडाचा आवाज तिथल्या तिथं विरतो, पोकळ झाडात तो घुमतो. मग थोडं वर, थोडं खाली, बाजूनं पुन्हा ठोका. पोकळी कुठून सुरू होते आणि कुठं संपते, हे ते बोटानं खोडावर दाखवायचे. धंदा होता तोवर घुमणारं झाड सोडून ते पुढं जात. म्हातारपणी त्याच झाडांपाशी थांबू लागले. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माह्या कामाचं नोयतं ना बाप्पा ते, म्हनून वाचलं. आता पाय, कोन कोन रायते त्याच्यात."

पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही, आणि हे मला त्यांनीच समजावून सांगितलं. झाडाच्या मधला गाभा असाही जिवंत नसतो. तो खांबासारखा आधार देतो, एवढंच. पाणी चढतं आणि अन्न उतरतं ते सालीलगतच्या थरांतून. वाऱ्यात एखादी जाड फांदी मोडते, त्या जखमेतून पाणी शिरतं, बुरशी लागते आणि गाभा हळूहळू कुजत जातो. बाहेरचा जिवंत थर मात्र आपलं काम करत राहतो. म्हणून आतून रिकामा झालेला मोहही दर उन्हाळ्यात फुलतो. अशी ढोली तयार व्हायला कित्येक दशकं लागतात. रस्त्यासाठी एक झाड तोडलं आणि बदल्यात पाच रोपं लावली, तरी त्या पाचांपैकी एकातही आपल्या हयातीत पक्ष्याला घर मिळत नाही.

आमच्या पांदणीवर, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर, नाल्याच्या काठाला असाच एक जुना मोह आहे. त्याच्या ढोलीत धनेशाची जोडी घरटं करते. उन्हाळा तापू लागला की मादी ढोलीत शिरते आणि माती व विष्ठेनं तोंड लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. आत तिची उडायची पिसंही गळून जातात. त्या दिवसांत ती आणि पुढं तिची पिल्लं सर्वस्वी नराच्या भरवशावर असतात. मिस्त्रीबाबा समोरच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पळसाच्या सावलीत बसून हे बघत. मला त्यांनी शेजारी बसवलं आणि हलू नको म्हणून हातानंच खुणावलं. नर आला, खोडाला बिलगला, घशातून पिंपळाचं एक फळ चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीत दिलं. मग दुसरं. मग तिसरं. पक्ष्याच्या घशात इतकी फळं मावतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मे महिन्याच्या उन्हात तो पुन्हा पुन्हा येत होता. या दिवसांत नर मेला किंवा झाड पडलं, तर सबंध कुटुंबच जातं.

मिस्त्रीबाबा जे काम करत ते आता सांगतो. मोहाची फुलं गळायला लागली की ती नीट वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात. वेचणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, मी त्यांना दोष देत नाही. पण बुंध्याला भोक असेल तर विस्तव आत शिरतो, पोकळ खोड धुराड्यासारखं ओढ धरतं आणि झाड आतून जळत राहतं. पहिल्याच मोठ्या वावधनात ते आडवं होतं. हे टाळायला मिस्त्रीबाबा शिमग्याच्या आधीच खराटा घेऊन निघत आणि ढोलीच्या एकेका झाडाच्या बुंध्याभोवतीचा पाला लांबवर झाडून काढत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही, गुडघे धरल्यावरही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसा देणार नव्हतं. लोक हसायचे, रान झाडून काय होणार म्हणायचे. ते उत्तर देत नसत. बुंध्यापाशी ओली माती थापून पुढच्या झाडाकडं जात. ती झाडं आज उभी आहेत.

वाघ बघायला लांबून येणाऱ्यांबद्दल मला आकस नाही. मेळघाटचं जंगल राखलं जातं त्यात त्यांच्या येण्याचाही वाटा आहे. पण रानाची ओढ असलेला माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कॅमेरा आणि सफारीची जिप्सी गाडी येते, हे मला बरोबर वाटत नाही. मिस्त्रीबाबा कधी सफारीला गेले नाहीत. बहिरमच्या यात्रेला मात्र वय झालं तरी डोंगराच्या कडेकडेनं चालत जायचे, आणि रोडग्यांपेक्षा वाटेत काय दिसलं तेच जास्त सांगायचे.

दसऱ्याची एक गोष्ट तर आपल्या सर्वांची आहे. त्या दिवशी नीलकंठाचं दर्शन शुभ मानतात. आमच्याकडे लोक सकाळीच शेताकडं निघतात, तारांवर आणि शेंड्यांवर तो निळा पक्षी शोधतात. हा पक्षी अंडी घालतो झाडाच्या ढोलीत. पोपट, साळुंकी, हुदहुद, पिंगळा यांनाही पोकळी लागते आणि यांतल्या कुणालाच ती स्वतः धडपणे कोरता येत नाही. कोरतात ते सुतार पक्षी आणि तांबट. बाकीचे त्यांनी सोडलेल्या किंवा कुजून झालेल्या ढोल्यांवर जगतात. दसऱ्याला ज्याला हात जोडायचे त्याचं घर मार्गशीर्षात सरपणाच्या भावानं विकायचं, हे आपल्या संस्कारात बसत नाही.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्याला तर याबाबतीत आणखी मोठी जबाबदारी आहे. रानपिंगळा हा फक्त मध्य भारतात आढळणारा पक्षी. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि १८८४ नंतर तो कुणाला खात्रीनं सापडलाच नाही. तो नामशेष झाला असंच बरेच जण धरून चालले होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तो सातपुड्याच्याच पायथ्याशी शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढच्या शोधात मेळघाट हे त्याचं मोठं आश्रयस्थान असल्याचं स्पष्ट झालं. तोही ढोलीतच घरटं करतो. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत त्याला संरक्षण आहे. पण पाखराला हद्द कळत नाही, आणि आमच्यासारख्या पायथ्याच्या गावांतली जुनी झाडं कुणाच्याच यादीत नाहीत.

आता मागणी. आमची पांदण पक्की होणार आहे. ती व्हायलाच हवी. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडी आखापर्यंत रुतते, बाळंतीण बाई खाटेवर न्यावी लागते, संत्र्याची गाडी बागेपर्यंत येत नाही. रस्त्याला माझा विरोध नाही, मी स्वतः त्यासाठी ग्रामसभेत हात वर केला आहे. पण तोडायच्या झाडांवर आकडे पडले आहेत आणि गावात फिरत असलेल्या तोडीच्या यादीत झाडाची जात आहे, घेर आहे, उंची आहे. ढोलीचा उल्लेख नाही. भरीव झाड इमारती लाकडात धरलं आणि पोकळ झाड जळाऊत टाकलं. नाल्याकाठचा तो मोहही जळाऊत आहे. प्रत्यक्षात रस्त्याची आखणी तिथं थोडी धुऱ्याकडं सरकवली तर तो सहज वाचतो, आणि लगतच्या शेतकऱ्याची त्याला तयारी आहे. ती त्यानं माझ्यासमोर बोलून दाखवली आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक गावकऱ्यांनी ही वही डोळ्यांनी पाहिलेली नाही. माझी विनंती एवढीच की, तिच्यात ढोली असलेल्या झाडांची वेगळी नोंद व्हावी, आणि पांदण असो की विजेची लाइन, तोडीच्या यादीवर सही होण्यापूर्वी ती वही उघडून बघितली जावी. याला वेगळा निधी लागत नाही. तोड टाळता येत नसेल तिथं निदान घरट्याचा हंगाम, म्हणजे उन्हाळा ते पावसाळ्याची सुरुवात, तरी सोडावा.

नोंद करणार कोण, असा प्रश्न येईल. माझा पुतण्या लहानपणापासून मिस्त्रीबाबांच्या मागं मागं फिरला आहे. कोणत्या धुऱ्यावर, कोणत्या झाडात, किती उंचीवर ढोली आहे हे त्याला तोंडपाठ आहे. त्याच्यासोबत गावातली चार पोरं यायला तयार आहेत. यंदा शिमग्याआधी बुंधे झाडायचंही त्यांनी ठरवलं आहे, आणि मिस्त्रीबाबांच्या सुनेनं तो खराटा त्यांना दिला आहे. ग्रामसेवकांनी एक दिवस द्यावा, वनरक्षकांनी सोबत यावं, पोरं झाडं दाखवतील. आपल्या दैनिकानं हे पत्र यादीवर सही होण्यापूर्वी छापलं तर फार उपकार होतील.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. अचलपूर, जि. अमरावती